बिनपगारी न्यायाधीश: लंडनला आहेत, दुबईत का नाहीत?

इंग्लंडात शिक्षक, परिचारिका, दुकानदार असा कुणीही मॅजिस्ट्रेट होऊ शकतो. वकिलीची सनद लागत नाही आणि पगारही मिळत नाही! अमिरातीत इंग्रजी कायदा पोहोचला, मग ही मंडळी कुठे अडकली?

साडेसहाशे वर्षं जुनं पद
या पदाची पाळंमुळं 1361 च्या कायद्यात आहेत. सहसा तिघे मिळून निकाल देतात, कलमं समजावायला कायदा सल्लागार असतो. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त फौजदारी खटले मॅजिस्ट्रेट कोर्टातच संपतात. निवृत्तीचं वय? 2022 पासून थेट 75.

मोत्यांचे पंच
तेलाच्या आधी अमिरातीच्या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर चालायचं आणि माल विकायला मुंबईला यायचा. पाणबुडे आणि नाखुदा यांच्यात उचलीवरून, कर्जावरून भांडणं ठरलेलीच. ती सोडवायला ‘सालिफा’ बसायची. तिथले पंच म्हणजे याच धंद्यात केस पिकलेले जाणकार.

साहेबच न्यायाधीश
1946 च्या ब्रिटिश आदेशाने इथल्या ब्रिटिश प्रजेचे खटले राजकीय अधिकाऱ्याच्या हाती गेले. सकाळी शेखांशी वाटाघाटी, दुपारी न्यायदान! वापरात भारतीय दंड संहितेसारखे आपल्याकडचे कायदेही होते. 1971 पर्यंत हे अधिकार टप्प्याटप्प्याने स्थानिक न्यायालयांकडे गेले.

कायदा आला, मॅजिस्ट्रेट नाही
अबू धाबी ग्लोबल मार्केट या वित्तीय क्षेत्रात 2015 च्या नियमांनी इंग्लंडचा कॉमन लॉ थेट लागू झाला. पण तिथली न्यायालयं फक्त दिवाणी आणि व्यापारी दावे ऐकतात. चोरी, मारामारी देशाच्या नेहमीच्या न्यायालयांकडे. मॅजिस्ट्रेटचं मुख्य काम फौजदारी, म्हणजे इथे त्यांच्या हाताला कामच नाही! देशात ज्यूरीही नाही.

वकिलाविना दावा
दुबईच्या डीआयएफसी न्यायालयात लहान दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. साधारण 5 लाख दिरहमपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि पक्षकार सहसा स्वतःच बाजू मांडतात. आधी समेटाची बैठक, नाही जुळलं तर सुनावणी. निकाल मात्र कायदा शिकलेलाच देतो.

बायकांची एंट्री
इंग्लंडात एडा समर्स 31 डिसेंबर 1919 रोजी पहिली महिला मॅजिस्ट्रेट म्हणून बसल्या. अमिरातीत पहिल्या महिला न्यायाधीशाचा मान 2008 मध्ये या पदावर आलेल्या खुलूद अल धाहेरी यांचा.

हिंदी चालेल!
फेब्रुवारी 2019 मध्ये अबू धाबीच्या न्याय विभागाने कामगार दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी आणली. पगार थकलेल्या मराठी गवंड्याला न्यायासनावर बसायला कुणी बोलावणार नाही, पण आपलं गाऱ्हाणं काय नि मागणी कशी करायची, हे तो हिंदीत वाचून अर्ज भरू शकतो.