प्लॅटिनमच्या जागी कर्ब

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. तेव्हा श्रोतेहो, भाषा कामगाराची असेल.

नुसत्या प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, हे जपानात फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली दाखविले. एका बाजूस टायटॅनियम डायॉक्साइड, दुसरीकडे प्लॅटिनम. पुढे २००९ साली कर्ब आणि नत्र यांच्या एका पिवळ्या पुडीने हेच काम होते असे आढळले. पुडीत धातू नाही; मदतीला मात्र पुन्हा प्लॅटिनमच लागले.

ते का? प्रकाश पडताच पुडीतला इलेक्ट्रॉन वर उडतो आणि क्षणात परत जागेवर पडतो. गोदामातले हमालबंधू हे चटकन ओळखतील. थप्पीवर चढविलेले पोते धरायला माथ्यावर गडी नसला, तर पोते खालीच येते. तो गडी म्हणजे सहउत्प्रेरक, आणि या कामात प्लॅटिनमसारखा वाकबगार दुसरा नाही. पण हा धातू सर्वांत अधिक निघतो दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून. तेथे मारिकाना येथे महिना साडेबारा हजार रँड पगार मागणाऱ्या संपकऱ्यांपैकी ३४ जण १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. प्लॅटिनमची किंमत मी तेव्हापासून सराफाला विचारीत नाही.

मग कर्ब का नको? तो इलेक्ट्रॉन वाहून नेतो. परंतु हायड्रोजनचे दोन अणू जुळविण्यात प्लॅटिनमपुढे कच्चा. गंमत झाली ती २०१५ साली, चीनमधल्या सूचौ येथे. त्या पुडीवर हायड्रोजनबरोबर पेरॉक्साइड, म्हणजे जखमा धुण्याचे ते औषध, तयार होते आणि पुडीलाच चिकटून तिचे काम बंद पाडते. कर्बाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी ते फोडून त्याचे पाणी व प्राणवायू केले. प्लॅटिनमची नक्कल न करता कर्बाने निराळेच काम अंगावर घेतले! उन्हाच्या शक्तीचे शंभरातले दोन भाग हायड्रोजनात उतरले आणि पूड २०० दिवस टिकली, असे त्या मंडळींनी नोंदले आहे.

पुष्कळ प्रयोगांत पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइन नावाचे द्रव्य घालतात. इलेक्ट्रॉनमागे उरलेली पोकळी ते भरते आणि स्वतः खर्ची पडते. बुडबुडे भराभर येतात, प्राणवायू मात्र निघत नाही. पगारवाढ कळली की भत्ता कापला का, हे आम्ही आधी पाहतो. तसे येथे प्राणवायू निघाला का, हे पाहावे. सूचौला तो निघाला होता.