रेषेपलीकडचा दीड मीटर

(लेखमाला : मैदानाच्या कडेला – भाग सहावा)

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कुस्तीच्या गादीवरचे वर्तुळ 9 मीटर व्यासाचे असते आणि त्याच्याभोवती 1.5 मीटरचा संरक्षक पट्टा असतो. खो-खोच्या मैदानाभोवती तेवढ्याच रुंदीची लॉबी असते. कबड्डीत बाद खेळाडूंची बैठकसुद्धा अंतिम रेषेपासून 2 मीटर सोडून आखतात. धावणारे, झेपावणारे किंवा फेकले गेलेले शरीर रेषेवर येऊन थांबत नाही, ते आणखी पुढे जाते, म्हणून ही जागा मोकळी ठेवलेली असते. ती खेळाचीच जागा आहे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे नेमकी हीच जागा सगळ्यात आधी भरते. यात्रेतली कुस्त्यांची दंगल असो की शालेय कबड्डी, त्या पट्ट्यात कोणाचा मोबाइल स्टँडवर लागलेला असतो, कोणाचे लाइव्ह सुरू असते, कोणी बॅग टेकवून उकिडवा बसलेला असतो. गेल्या आठवड्यात आपण गुणपत्रक वाचायला शिकलो. या आठवड्यात सामन्याची बातमी आणि फोटो टिपताना कुठे उभे राहायचे आणि पंचांशी कसे वागायचे, ते पाहू. माझ्या लेखी या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आधी शरीराचे. कॅमेऱ्याच्या लांब लेन्समधून पाहताना नजरेचा आवाका फार लहान होतो. चौकटीत चढाईपटू आणि त्याचा घोटा धरणारा कोपरारक्षक एवढेच दिसते. बाजूने येऊन धडक देणारा तिसरा खेळाडू दिसतच नाही. शिवाय लेन्समुळे माणसे असतात त्यापेक्षा वेगळ्या अंतरावर भासतात, त्यामुळे कधी हलायचे याचा अंदाज चुकतो. म्हणून दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लावून घ्या. सुरुवातीला त्रास होतो, पुढे जमते. मांडी घालून किंवा पाय पसरून बसू नका. एक गुडघा टेकवून बसलात तर क्षणात उठून मागे होता येते. आणि खेळ चालू असताना आधी काढलेला फोटो पाहायला मान खाली घालू नका. फोटो पळून जात नाही.

कबड्डीत साखळीने चढाईपटूला बाहेर ढकलले की तीन-चार जणांचे वजन एकदम कोपऱ्यावर येते. शिवाय अंतिम रेषांजवळ सहायक गुणलेखक बसलेले असतात. कोण बाद झाला, कोण कोणत्या क्रमाने परत आत आला, याची नोंद त्यांच्याकडे असते. त्यांच्या आणि रेषेच्या मध्ये तुमची पाठ आली तर त्यांचे काम तिथेच अडते. खो-खोत खुंटाच्या मागची जागा मोहाची असते, कारण आक्रमक खुंटाला धरून झेप घेतो तो क्षण समोरून टिपता येतो. पण ती झेप सरळ तुमच्याच दिशेने येणार असते. तिरक्या कोनात, लॉबीच्या बाहेर राहा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. आता गावच्या खो-खोकडेही कॅमेरे वळत असतील, तर त्यांनी हे पहिल्या दिवसापासून पाळावे.

मातीच्या दंगलीत आखलेला पट्टा बहुधा नसतोच. माणसांचे कडे हीच सीमा, आणि शेवटच्या मोठ्या जोडीला ती आत आत सरकत जाते. मागचे रेटतात आणि पुढचा कॅमेरेवाला आखाड्यात ढकलला जातो. त्याच्या हातातल्या लोखंडी स्टँडची उंची खाली येणाऱ्या पैलवानाच्या डोक्याएवढी असते. इजा आपल्याला होईल याची काळजी सगळे करतात. आपल्यामुळे खेळाडूला होईल, याची फार थोडे करतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. असा पैलवान देणाऱ्या मुलखात कोणाच्या स्टँडमुळे एखाद्या पोराचा खांदा निखळू नये, एवढे तरी आपण बघितले पाहिजे. कोणी ‘मांगे सरक भो’ म्हणाले तर राग मानू नका, सरका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात आणि त्याच कडेने जनरेटरच्या वायरी गेलेल्या असतात. जोड उघडा दिसला तर आयोजकांना सांगा आणि तिथून लांब बसा. तात्पुरत्या लाकडी गॅलरीवर किंवा तिच्याखाली जागा घेऊ नका. 22 मार्च 2021 रोजी तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेत अशीच गॅलरी कोसळून शंभराहून अधिक लोक जखमी झाले. आणि चैत्र-वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे ऊन किती चढते हे खानदेशी माणसाला सांगायला नको, पण कॅमेऱ्यात डोळा घातला की तहान विसरते. डोक्याला रुमाल आणि जवळ पाणी हवेच.

आता पंचांकडे वळू. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम लढत झाली. पंचांनी पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवले, तेव्हा शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून गादी सोडून गेला. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. निर्णय बरोबर की चूक, हा वाद पुढेही रंगला. मला इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. त्या रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या कोणत्याही एका चित्रफितीवरून खांदे टेकले की नाही हे ठरवता येत नव्हते, पण ठरवत मात्र सगळेच होते.

कडेच्या कॅमेऱ्याला हे ठरवता येत नाही, याला कारण आहे. खांदा आणि गादी यांच्यामध्ये दोन बोटांचे अंतर असेल तर ते फक्त जमिनीलगत, योग्य बाजूनेच दिसते. म्हणून तर पंच पोटावर आडवा होऊन बघतो. चितपट जाहीर करण्याआधी त्याला बाजूच्या पंचाची किंवा गादीप्रमुखाची संमती लागते. गुणांवर हरकत घ्यायची तर प्रशिक्षकाने मऊ ठोकळा गादीवर टाकायचा असतो. कबड्डीतही तेच. निदान रेषेला पाय लागला की नाही, हे रेषेच्या सरळ समोरून कळते, तिरक्या कोपऱ्यातून कधीच नाही. तुमच्याकडे एक कोन आहे. तो छापा, दाखवा, पण ‘पंचांचा अन्याय’ असा मथळा त्या एका कोनावर उभा करू नका. चौकशी झाली, संघटनेने चूक मान्य केली, तर ती बातमी ठळकपणे द्या. चुकलेल्या पंचाला पाठीशी घाला असे मी म्हणत नाही.

शालेय स्पर्धांत तर हे आणखी जपायला हवे. 14, 17 आणि 19 वर्षांखालील सामन्यांना शिट्टी वाजवणारा माणूस बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेचा क्रीडाशिक्षक असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच गावात, त्याच पालकांसमोर उभे राहायचे असते. दहा सेकंदांची फीत त्याच्या नावानिशी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून देण्याआधी एवढे आठवा. खेळणाऱ्या मुलीही अल्पवयीन असतात. पडलेल्या, कपडे अस्ताव्यस्त झालेल्या क्षणांचे फोटो काढले गेलेच तर पुसून टाका.

सामना सुरू होण्याआधी मुख्य पंचांना जाऊन भेटा. ‘सर, मी अमुक वृत्तपत्राचा, कुठे बसू?’ एवढेच विचारा आणि ते दाखवतील तिथे बसा. जागा आवडली नाही तर मध्यंतरात पुन्हा विचारा, स्वतःहून सरकू नका. फ्लॅश बंद ठेवा. कडेवर बसून ‘आउट, आउट’ ओरडू नका. तो आवाज प्रेक्षकाचा नसून आतल्या माणसाचा वाटतो आणि गर्दीला चेतवतो. निर्णयावर गोंधळ सुरू झाला तर मोबाइल पंचांच्या तोंडासमोर धरून ‘हे बघा’ करू नका. दोन्ही संघ पंचांभोवती जमले की चार पावले मागे व्हा आणि लांबूनच चित्रण करा. तुम्ही आत शिरलात की तुमच्यामागून आणखी दहा जण शिरतात, आणि मधला माणूस एकटा असतो.

प्रश्न जरूर विचारा, पण गुणपत्रकावर सह्या झाल्यावर, आणि तेही नियमाला धरून. ‘तुम्ही असे का केले?’ याला उत्तर मिळत नाही. ‘सर, शेवटच्या चढाईत लॉबी कोणत्या क्षणी खुली झाली असे तुम्ही धरले?’ असे विचारलेत तर बहुतेक पंच थांबून सांगतात, कधी जमिनीवर बोटाने रेघ ओढूनही दाखवतात. बोलायचे नाही म्हणाले तर तसे बातमीत लिहा आणि स्पर्धेच्या तांत्रिक समितीला विचारा. एखादा निर्णय कोणत्या नियमाखाली दिला, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर एक ओळही पाठवू नका, मग जळगावच्या आवृत्तीची वेळ टळून गेली तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात : दुखापत झालेल्या खेळाडूची बातमी, आणि त्याच्या घरी फोन कोणी करायचा.