बोटीचा पंखा

सुतार लाकडात मळसूत्र पिळून बसवितो, ते तुम्ही पाहिले असेल. एक फेरा पुरा झाला, की मळसूत्र एका आट्याइतके आत शिरते. आटे दूर दूर असले तर एका फेऱ्यात ते अधिक आत जाते खरे. पण पिळणाऱ्याच्या मनगटालाही अधिक जोर लावावा लागतो.

यांत्रिक बोटीस पुढे ढकलणारा पंखा हा या मळसूत्राचाच वंशज होय. 1837 साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याची लहानशी बोट लंडनच्या एका कालव्यात चालली होती. तिला दोन वेढ्यांचे लाकडी मळसूत्र लावलेले होते. कशावर तरी आपटून त्याचा निम्मा भाग तुटला, आणि बोट थांबण्याऐवजी अधिकच वेगाने धावू लागली! 'अधिक तेच उत्तम' हा समज त्या दिवशी कालव्यात बुडाला म्हणावयाचा.

एका फेऱ्यात पंखा जितके अंतर पुढे सरकावा, त्यास त्याचे पिच म्हणतात. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो व बोट त्याहून कमीच जाते. पंख्यावर 14 आणि 13 असे आकडे असले, तर पहिला व्यासाचे इंच दाखवितो, दुसरा पिचचे.

हे पिच कसे निवडावे, ते पाहण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा या सरोवरांच्या राज्यात जाऊ. तेथील अँब्रोज वीरेस याने 1950 च्या दशकाच्या आरंभी दोन लांब पोलादी नळकांड्यांवर फळ्यांचा तळ बसवून एक बोट तयार केली. अशा बोटीस पाँटून बोट म्हणतात. आज ही नळकांडी बहुधा ॲल्युमिनियमची असतात. बोट अंगणासारखी सपाट व स्थिर. आजीपासून नातवापर्यंत सारे घर तीवर बसते. पण वजन फार आणि पाण्याचा अडथळाही फार. हलक्या, निमुळत्या बोटीस शोभणारा मोठ्या पिचचा पंखा हिला लावला, तर भरल्या गाडीचे बैल घाटात धापा टाकतात, तशी इंजिनाची गत होते.

समजा, पूर्ण जोरात इंजिनाने मिनिटास 5000 ते 6000 फेरे करावेत, असे कारखान्याने सांगितले आहे. मालकाने दहा माणसे बसवून पाहिले, तो काटा 4800 वरच अडला. पंख्याचे पिच 17 इंच आहे. पिच एक इंचाने उतरले, की फेरे सुमारे 150 ते 200 ने वाढतात. म्हणून 13 इंचांचा पंखा लावताच काटा 5400 ते 5600 च्या आसपास येईल. मात्र उत्साहाच्या भरात 9 इंचांचा लावला, तर इंजिन 6000 ची मर्यादा ओलांडील. आवाज मोठा, वेग थोडा आणि झीज भारी!

कित्येक लोक ही परीक्षा रिकाम्या बोटीत घेतात. तेव्हा काटा अगदी योग्य जागी दिसतो. मग सुटीच्या दिवशी पाहुणे चढतात, परततेवेळी समोरून वारा सुटतो, आणि भाराखाली दबलेले इंजिन तापू लागते. जाणता मालक नेहमीच्या भारासह परीक्षा घेतो, आणि बोटीत एक जादा पंखाही ठेवतो. खडकावर आपटून पाती वाकली, तर किनारा गाठावयास तोच कामी येतो.