धूसर पडद्याचा कारभार

2013च्या सप्टेंबरात ॲपलची आयओएस 7 प्रणाली आली आणि फोनच्या तळातून वर सरकणाऱ्या फलकामागचा मजकूर दुधी काचेआडून दिसावा तसा पुसट होऊ लागला, तेव्हापासून ॲप रचणाऱ्या मंडळींस ‘ब्लर’चा जो मोह जडला तो आजतागायत सुटलेला नाही. 2007च्या विंडोज व्हिस्टानेही संगणकावर हाच थाट मांडला होता, पण तो अल्पायुषी ठरला.

आयओएसवर ही सोय 2014मध्ये सर्व ॲपकर्त्यांस खुली झाली. अँड्रॉइडचा मुलूख मात्र निराळा. तेथे रेंडरस्क्रिप्ट या साधनात 2012पासून ब्लरची तयार क्रिया होती खरी, परंतु तिची त्रिज्या 25 पिक्सेलच्या पलीकडे जात नसे, आणि 2021मध्ये अँड्रॉइड 12ने तिला निवृत्तीची इत्तला देऊन रेंडरइफेक्ट हे जे नवे साधन आणले, ते जुन्या फोनांच्या वाट्यास आलेच नाही. एकाच लिखाणातून दोन्ही मुलुखांचा कारभार चालवू, हा रिॲक्ट नेटिव्हसारख्या साधनांचा वायदा ब्लरपाशी येताच ढिला पडे, तो यामुळेच.

शिवाय हिशेब जबर. त्रिज्या 25 असता प्रत्येक पिक्सेलसाठी 51 गुणिले 51, म्हणजे 2601 पिक्सेल वाचावे लागतात. ब्लरसाठी वापरल्या जाणाऱ्या गाउसच्या सूत्राच्या गुणाने हे काम आडवे एकदा व उभे एकदा असे फोडले तर 102 पुरतात. तरीही सेकंदास 60 चित्रे उमटवावयाची तर प्रत्येकास मुदत जेमतेम 16.7 मिलिसेकंदांची. म्हणून जाणते लोक मागील चित्र आधी लहान करून धूसर करतात व मग ताणतात. तपशील उरलेलाच नसल्याने ही लबाडी कोणाच्या ध्यानी येत नाही. फ्लटर या दोन्ही मुलुखांत चालणाऱ्या साधनात ब्लर करणाऱ्या बॅकड्रॉपफिल्टरभोवती क्लिपरेक्ट ही मर्यादाचौकट घालावयाची राहिली, तर इवल्या पट्टीऐवजी अवघा पडदाच धूसर होऊन बसतो!

माळशेज घाटाच्या वाटेवरील मढ गावास पावसाळी धुके फुकट मिळते. फोनमधल्या धुक्याचे मोल मात्र बॅटरीतून वसूल होते. 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणी या ॲपने सातबाऱ्यावरील पिकाची नोंद खुद्द शेतकऱ्याच्या हाती सोपवली, तेव्हापासून स्वस्त अँड्रॉइड फोन हेही महसुली दफ्तराचे एक अंग झाले आहे. अशा फोनवर केवळ शोभेखातर कोणतेही ॲप अडखळावे, हे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. रिॲक्ट नेटिव्हवर उभ्या असलेल्या एक्स्पो या साधनसंचाने अँड्रॉइडवर खऱ्या ब्लरऐवजी साधा अर्धपारदर्शक पडदा हीच मूळ तरतूद ठेवली, ती मला शहाणपणाची वाटते. 2025च्या आयओएस 26मधील ‘लिक्विड ग्लास’मुळे काचेची हौस पुन्हा बळावली आहे, तेव्हा ॲपकर्त्यांनी आपली कृती बाहेर पाठवण्यापूर्वी एकवार अगदी स्वस्तातल्या फोनवर चालवून पाहावी, एवढीच विनंती.