वाळवंटी ट्रेलवरच्या अवचित भेटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील फिनिक्स आणि टूसॉन ही शहरे सोनोरन वाळवंटात वसलेली आहेत. फिनिक्सच्या दक्षिणेला सोळा हजार एकरांहून मोठे साउथ माउंटन पार्क आहे आणि त्याच्या खडकाळ पायवाटांवर माउंटन बाइक चालवणाऱ्यांची वर्दळ असते. नोकरीनिमित्त फिनिक्सलगतच्या चँडलर, टेम्पी भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे ट्रेल जवळचे आहेत. वळणावर अचानक साप, रानडुकरासारख्या प्राण्यांचा कळप किंवा अंगाला चिकटणारा निवडुंग भेटला की वाळवंट माणसावर टपून बसले आहे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात भेट अवचित ठरते ती सायकलस्वाराच्या वेगामुळे आणि त्याने निवडलेल्या वेळेमुळे. प्राण्याच्या वैराशी तिचा संबंध क्वचितच असतो.

गैरसमज : वाळवंट ओसाड असते, त्यामुळे तिथे प्राणी भेटणे हा निव्वळ योगायोग.

वस्तुस्थिती : फिनिक्समध्ये वर्षाला सरासरी १८ सेंटिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, पण तो दोन हंगामांत येतो, थोडा हिवाळ्यात आणि थोडा जून ते सप्टेंबरच्या मॉन्सूनमध्ये. या दोन पावसांच्या बळावर सोनोरनमध्ये सग्वारो, मेस्कीट, पालो वेर्दे अशी वनस्पतींची दाटी होते आणि तिच्या आधाराने प्राणी जगतात. उन्हाळ्यात ते भर उन्हात बिळात किंवा सावलीत दडतात आणि पहाटे, संध्याकाळी, रात्री बाहेर पडतात. सायकलस्वारही ऊन टाळून नेमक्या याच वेळा निवडतो. शिवाय अनेक ट्रेल कोरड्या ओढ्यांच्या पात्रातून जातात आणि तीच प्राण्यांचीही ये-जा करण्याची वाट असते. त्यात सायकल आवाज करत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने ती सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे दहा मीटरवर दिसलेल्या प्राण्यापाशी पोहोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. वेळ आणि वाट दोघांची एकच असेल, तर गाठ पडणे अपेक्षितच मानायला हवे. काही भेटी तर केवळ विलक्षण असतात. मॉन्सूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर डबक्यांतून मेंढ्यांच्या बेंबें करण्यासारखा आवाज येतो. तो काउच स्पेडफूट जातीच्या बेडकांचा असतो. वर्षातले कितीतरी महिने ते मातीत गाडून घेऊन काढतात आणि पावसाच्या, ढगांच्या गडगडाटाच्या कंपनांनी जागे होतात. डबके आटायच्या आत, जेमतेम आठ-दहा दिवसांत, त्यांच्या भैकरांचे बेडूक होऊ शकतात.

गैरसमज : रॅटलस्नेक आणि हॅवेलिना माणसावर चाल करून येतात.

वस्तुस्थिती : रॅटलस्नेक आपल्याकडच्या घोणसाच्याच कुळातला साप आहे. जमिनीच्या रंगात मिसळून निश्चल राहणे हा त्याचा पहिला बचाव. शेपटीचा खुळखुळा वाजवला तर तो स्वतःचीच जागा उघड करतो, म्हणून अनेकदा वाजवतच नाही. आवाज नाही म्हणून साप नाही, हा हिशेब चुकतो. त्याचा फटका सहसा शरीराच्या निम्म्या लांबीच्या आतच पोहोचतो. तेव्हा काही मीटरवर थांबून त्याला जाऊ दिले, तर प्रसंग तिथेच संपतो. हॅवेलिना डुकरासारखी दिसते, पण तिचे कुळ वेगळे आहे. तिची नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असते. वारा उलट दिशेचा असेल तर सायकलस्वार अगदी जवळ येईपर्यंत तिला कळत नाही. मग बिथरलेला कळप वाट फुटेल तिकडे पळतो आणि त्यातली एखादी आपल्याच दिशेने येते. बघणाऱ्याला तो हल्ला वाटतो, पण ती पळापळ असते.

गैरसमज : चोया निवडुंग उडी मारून अंगाला चिकटतो.

वस्तुस्थिती : चोयाची कांडी सैल सांध्यांनी जोडलेली असतात आणि काट्यांना सूक्ष्म उलट्या खवल्या असतात. नुसत्या ओझरत्या स्पर्शानेही कांडे सुटून कातडीत रुतते. प्राण्यांच्या केसांत अडकून दूर पडायचे आणि तिथे रुजायचे, ही त्याची पसरण्याची रीत आहे. रुतलेले कांडे बोटांनी ओढले तर हातही अडकतो, म्हणून जाणकार सायकलस्वार सोबत कंगवा ठेवतात आणि त्याने ते उचकटतात.

गैरसमज : वाटेत भेटलेल्या संथ प्राण्याला उचलून बाजूला ठेवणे ही दया.

वस्तुस्थिती : वाळवंटी कासव मूत्राशयात पाणी साठवते. उचलल्यावर घाबरून ते सारा साठा सोडून देते आणि पुढचा पाऊस महिनोन्महिने न आल्यास ते त्याच्या जिवावर बेतू शकते. हीला मॉन्स्टर ही सरडकुळातली विषारी, मंद जात आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली घालवते आणि तिचे चावे बहुधा हाताळणाऱ्यालाच बसतात. म्हणजे उचलण्यात धोका कधी प्राण्याला, तर कधी उचलणाऱ्याला असतो.

यावर कोणी म्हणेल, भीती थोडी जास्त असली तर बिघडले कुठे? त्याने माणूस सावध तर राहतो. पण भीती सगळ्या प्रसंगांना एकच उत्तर देते : पळ. ते उत्तर फक्त मधमाश्यांच्या बाबतीत बरोबर आहे. १९९० च्या दशकात अॅरिझोनात पोहोचलेल्या आफ्रिकी संकरित मधमाश्या खरोखर दूरवर पाठलाग करतात. तेव्हा तोंड झाकून, हात न झटकता, बंद गाडी किंवा इमारत गाठेपर्यंत पळत राहावे. सापासमोर थांबायचे असते. प्यूमासमोर पाठ फिरवायची नसते. सायकल मध्ये धरून, मोठ्याने ओरडत, हळूहळू मागे सरायचे असते. कुठे काय करायचे हे भीती सांगू शकत नाही. त्यासाठी माहितीच लागते.

शिवाय भीती लक्ष भलतीकडे वळवते. अमेरिकेत दरवर्षी सात-आठ हजार जणांना विषारी साप चावतात आणि त्यांपैकी सुमारे पाचच दगावतात, कारण प्रतिविष वेळेवर मिळते. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे एकट्या २०२३ मध्ये उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. ते सगळे ट्रेलवरचे नव्हते, बहुतेक शहरातलेच होते, हे खरे. तरीही या वाळवंटात जीव कशाने जातो, याची कल्पना या आकड्यांवरून येते. म्हणूनच तीव्र उष्म्याच्या इशाऱ्याच्या दिवशी शहर काही ट्रेल भर दुपारी बंद ठेवते. दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढाही निरभ्र आकाशाखाली कोरड्या ओढ्यात येऊन आदळू शकतो. ऊन आणि लोंढा वळणावर दचकवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गोष्टी कमी सांगितल्या जातात.

सायकलस्वाराने करायचे ते फार नाही. आंधळ्या वळणावर वेग उतरवावा, समोर प्राणी दिसला की अंतर राखून त्याला वाट द्यावी, मॉन्सूनमध्ये आभाळ आणि हवामानाचा इशारा दोन्ही पाहावे आणि पाणी निम्मे संपायच्या आत परत फिरावे. या चारही गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातात आहेत.