मिटत्या चाकूचं पातं: थराचं की एकसंध?

आज बोलू या छोट्या मिटत्या चाकूबद्दल. सुतळी कापायला, कलमाची काडी तासायला, पेरू चिरायला तो पिशवीत असला की बरं पडतं. पण विकत घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, "हा लॅमिनेटेड आहे, म्हणून महाग." हे जास्तीचे पैसे कशाचे?

आधी लोखंडाचं समजून घेऊ. शंभर भाग लोखंडात कार्बन पाव भागाहून कमी असेल, तर ते मऊ राहतं; लाल करून पाण्यात बुडवलं तरी फारसं कडक होत नाही. कार्बन पाऊण ते एक भाग असेल, तर तेच पोलाद एकदम थंड केल्यावर काचेसारखं कडक होतं. आपला लोहार याला पाणी देणं म्हणतो. काचेसारखं म्हणजे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा साधारण दोनशे अंशांपर्यंत हलकं तापवतात. त्यानं कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो.

एकसंध पातं म्हणजे सगळंच असं कडक पोलाद. थराच्या पात्यात मधे कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असतं. पुरणपोळी सुरीनं कापली की कडेला पुरणाची रेघ दिसते ना, तसंच. फक्त इथं मधलं पुरण कडक, आणि धार त्याचीच.

ही रीत का निघाली? पूर्वी चांगलं पोलाद महाग आणि दुर्मीळ होतं. म्हणून जगभरचे लोहार धारेपुरतं पोलाद आणि बाकी साधं लोखंड वापरत. आज पोलाद सहज मिळतं, ट्रकच्या कमानपाट्यातून कोयते बनतात. आता महाग पडते ती थर जोडण्याची मेहनत.

जपानमध्ये मिकी नावाच्या गावी हिगोनोकामी नावाचा मिटता चाकू बनतो, 1890च्या दशकापासून. पूर्वी तिथली शाळकरी मुलं पेन्सिली तासायला तो वापरत. गंमत म्हणजे हा एकच चाकू दोन्ही प्रकारांत मिळतो: स्वस्तातला एकसंध, महागातला थराचा. महागातल्यात बहुधा अओगामी पोलाद असतं. अओगामी म्हणजे निळा कागद; ते पोलाद निळ्या कागदात गुंडाळून यायचं, म्हणून हे नाव. फ्रान्सचा ओपिनेल चाकू मात्र 1890पासून एकसंध पात्याचाच.

मग थरांचा फायदा काय? मोठा फायदा घासताना. हिगोनोकामीची उतरती बाजू रुंद असते आणि ती सगळी दगडावर टेकवून घासतात. तिचा बराच भाग मऊ असला की घासणं लवकर होतं. पण ज्या चाकूची फक्त टोकाची बारीक कड घासायची, तिथं दगडाला लागतं ते कडक पोलादच. मग थर असून नसून सारखं.

दुसरा फायदा सांगतात तो न मोडण्याचा. लांब पात्याला तो खरा आहे. मऊ अंग धक्का सोसतं. बोटाएवढ्या पात्याला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि धारेचा कपचा उडायचा तो दोन्हींत उडतो, कारण धार दोन्हींत कडकच. मऊ अंगावर ओरखडेही लवकर पडतात.

आमचं मत विचाराल तर पिशवीतल्या चाकूला नीट पाणी दिलेलं एकसंध पातं पुरतं. दगडावर घासायची आवड असेल, तर थराचं जरूर घ्या.

त्यापेक्षा मूठ बघा. हिगोनोकामीला पातं अडकवायची कळ नाही. अंगठ्यानं मागचं टोक दाबून धरावं लागतं. ओपिनेलच्या मोठ्या मापांना 1955पासून फिरवायची कडी आली. ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. घरात लहान मुलं असतील, तर आम्ही कडीवालाच घेऊ.

आणि एक सांगायचं राहिलं. धारवाल्याच्या यंत्राच्या चाकावर पातं तापून निळं पडलं, तर तिथलं पाणी उतरलं समजा. मग पातं थराचं असो की एकसंध, धार टिकणार नाही. त्याला मधेमधे पाण्यात बुडवायला सांगा, किंवा घरीच ओल्या दगडावर घासा. लिंबू, कांदा, चिंच कापली की लगेच पुसून कोरडं करा, आणि मिटण्याआधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा.