फ्रेंच आटे, इंग्रजी वाट्या

मुळशीत भरे-घोटावड्याच्या बाजूला सुटीच्या सकाळी निघणाऱ्या हौशी सायकलस्वारांपैकी एखाद्याला बारीक पोलादी नळ्यांची जुनी फ्रेंच फ्रेम मिळाली, तर त्याने आनंद थोडा आवरावा आणि व्हर्नियर काढावा. प्यूजो, जिटान, मर्सिए ही नावं रंगवून घेता येतात. माप रंगवता येत नाही. सीटखालची नळी बाहेरून 28 मिमी भरली तर फ्रेंच, 28.6 भरली तर इंग्रजी वळणाची. ‘रेनॉल्ड्स 531’चा स्टिकर पाहून गोंधळू नये. नळी इंग्लंडची असली, तरी फ्रेंच कारखान्यांसाठी ती मिलिमीटरच्या मापात बनत असे.

खरी मेख बीबीच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या वाट्यांमध्ये आहे. इंग्रजी वाटी 34.8 मिमी व्यासाची, इंचाला 24 आटे. फ्रेंच वाटी 35 मिमी, आणि दर मिलिमीटरला एक आटा. फरक क्षुल्लक वाटतो. पण इंचाला 24 म्हणजे एका आट्याला 1.058 मिमी, दहा आट्यांत चूक अर्ध्या आट्याच्या पुढे जाते. म्हणून डावीकडे इंग्रजी वाटी दोन-चार फेरे गोडीत जाते आणि अडते. तिथे पान्याला पाइप लावून जोर केला की फ्रेमचे आटे गेलेच.

उजवीकडे ती धरतच नाही, कारण इंग्रजांची उजवी वाटी उलट्या आट्यांची. त्यामागे कारण आहे. पायडल मारताना वाटीवरच्या भाराची दिशा बदलत राहते, आणि किंचित सैल वाटी एक्सलच्या विरुद्ध दिशेने कणाकणाने सरकते. याला प्रिसेशन म्हणतात. उलट्या आट्यात हे सरकणं वाटी आवळतं, सरळ आट्यात सोडवतं. फ्रेंचांनी दोन्हीकडे सरळच आटे ठेवले, हे माझ्या मते हट्टीपणाचं आहे. तिथे उजवी वाटी पूर्ण ताकदीनेच आवळावी लागते.

1956च्या कायद्याने आपण फ्रान्समध्ये जन्मलेला मीटर स्वीकारला, पण आपली सायकल इंचातच राहिली. त्यामुळे जुन्या बाजारात बीएसए-रॅलेचे भाग सापडतात, फ्रेंच नाहीत. 1980च्या दशकात फ्रेंचही आंतरराष्ट्रीय मापांकडे वळले. आता उपाय दोन: आट्यांशिवाय दोन्हीकडून आवळून बसणारी सीलबंद बीबी मागवणं, किंवा लेथवाला गाठणं. हँडलचा 22.2 मिमीचा दांडा 22वर उतरवणं त्याला अवघड नाही. क्रँकचं 14 मिमीचं भोक टॅपने 9/16 इंचाचं केलं, की साधं पायडल बसतं.

चाक जुन्या 700-बी मापाचं असेल तर मात्र नशीब! दूधवाल्याच्या 28 × 1½ सायकलीची रिमही तीच, 635 मिमी. फक्त दुकानात नुसतं ‘अठ्ठावीस’ म्हणू नका. 622चा टायरही त्याच नावाने गळ्यात मारला जातो.